सॉफ्टवेअरची मुलाखत आणि तिची तयारी



"पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, पहिल्या वर्गात पास झाला, मग नोकरी का लागत नाही?" हा प्रश्न मला उपासनेनंतर चर्चच्या अंगणात अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्यांत पालक असतात, तसेच एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च वर्षानुवर्षे उचलणारे हितचिंतकही असतात. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तिथे नवख्या उमेदवारांच्या मुलाखती घेणे हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि सुटीच्या दिवशी वसतिगृहातील शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा त्याच मुलाखतींसाठी सराव घेतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटले.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत कंपन्या स्वतः येतात. धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, जव्हार या भागांतली बरीच मुले जवळच्या लहान कॉलेजात शिकतात आणि तिथे कंपन्या क्वचितच फिरकतात. या मुलांना बाहेरून अर्ज करावा लागतो. अशा भरतीच्या जाहिरातीत कोणत्या वर्षी पास झालेले चालतील ते लिहिलेले असते. म्हणजे ज्या वर्षी पदवी मिळाली ते वर्ष आणि फार तर त्याच्या पुढचे, एवढाच काळ 'नवखा' म्हणून हाती असतो. तो निघून गेला की अनुभव नाही म्हणून एक दार बंद होते आणि वर्ष जुने झाले म्हणून दुसरे. त्यामुळे तयारी शेवटच्या परीक्षेनंतर सुरू करून चालत नाही, निदान सहा महिने आधी सुरुवात करावी लागते.

बऱ्याच मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के मागतात. एखादा विषय राहिलेला असेल तर अर्जच पुढे जात नाही. यावर मुलाखतीच्या तयारीचा इलाज नाही. म्हणून दहावीतल्या मुलालाही हे आजच सांगून ठेवावे. ही अट पार झाली की संगणकावर लेखी चाचणी असते. तिच्यात शेकडेवारी, काळ-काम-वेग, तर्काची कोडी, इंग्रजीचे उतारे आणि एक-दोन प्रोग्राम येतात. हल्ली ही चाचणी घरूनही देता येते, पण कॅमेरा चालू ठेवावा लागतो आणि पडद्यावर दुसरी खिडकी उघडली तर त्याची नोंद होते. गणिताचा हा भाग सातवी ते दहावीचाच असतो. रोज तासभर घड्याळ लावून सोडवला तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरी अडचण त्यानंतरच्या तांत्रिक मुलाखतीत येते, आणि हुशार मुलेही तिथेच मागे पडताना मी पाहतो.

या मुलाखतीत काय विचारतात? माहिती संगणकात कशी मांडून ठेवायची आणि ती लवकर कशी शोधायची, याभोवती बहुतेक प्रश्न फिरतात. ऐकायला अवघड वाटते, पण या कल्पना आपल्या रोजच्या आहेत. टोपलीत भाकऱ्या रचल्या की शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलली जाते. संगणकाच्या भाषेत हा 'स्टॅक'. रेशनच्या दुकानात जो आधी आला त्याला आधी धान्य, ही 'क्यू'. पोस्टात पत्रे गावागावाच्या कप्प्यांत टाकलेली असतात, त्यामुळे एका गावाचे पत्र शोधायला सगळा ढीग उपसावा लागत नाही. 'हॅश टेबल'ची कल्पना साधारण अशीच आहे. आणि गीतपुस्तकात ४३७ वे गीत काढायचे असेल तर पहिल्या पानापासून कोणी उलटत बसत नाही. आपण अंदाजे मध्ये उघडतो, पुढे गेलो असलो तर मागच्या अर्ध्या भागात शोधतो, आणि असे अर्धे-अर्धे करत पोहोचतो. पुस्तकात हजार गीते धरली तरी या रीतीने जास्तीत जास्त दहा वेळा उघडावे लागते. दहा लाख असती तरी वीस वेळा. याला 'बायनरी सर्च' म्हणतात. मात्र गीते क्रमाने लावलेली असली तरच हे जमते, आणि मुलाखत घेणारा नेमके तेच विचारतो : "क्रम नसेल तर काय कराल?"

आता एक नेहमीचा प्रश्न घेऊन सगळी मुलाखत कशी चालते ते दाखवतो. प्रश्न असा : हजार संख्यांची एक यादी आहे. तिच्यातल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज १०० होते ते शोधा.

तयारी नसलेला उमेदवार लगेच लिहायला लागतो. तयारीचा उमेदवार आधी विचारून घेतो. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का? तीच संख्या दोनदा येऊ शकते का? ऋण संख्या आहेत का? अशी जोडी सापडलीच नाही तर काय सांगायचे? हे प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान दाखवणे, असे आपल्या मुलांना वाटते. शाळेत गुरुजींना उलट प्रश्न विचारायची सवय नसते, त्यातून हे आलेले असावे. पण कामाच्या ठिकाणी काम नीट समजून न घेता सुरू करणारा माणूस सगळ्यांना महाग पडतो. म्हणून असे प्रश्न आले की मी मनातल्या मनात एक गुण देऊन टाकतो.

मग उमेदवार साधी रीत सांगतो : पहिली संख्या घ्यायची, बाकीच्या प्रत्येकीबरोबर जुळवून पाहायची, मग दुसरी घ्यायची. ही रीत बरोबर आहे. फक्त हजार संख्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात. संख्या एक लाख असतील तर जवळजवळ पाचशे कोटी. इथे मुलाखत घेणारा विचारतो, "यापेक्षा कमी कामात होईल का?" आता कप्प्यांची आठवण व्हायला हवी. यादीतून एकेक संख्या घेत जायची. ३७ आली तर तिला ६३ हवी. आधी पाहिलेल्या संख्यांच्या कप्प्यांत ६३ आहे का ते बघायचे. असली तर जोडी मिळाली. नसली तर ३७ आपल्या कप्प्यात टाकून पुढे जायचे. यादीतून एकच फेरी, हजार वेळा बघणे, संपले काम. यात बारकावा एवढाच की आधी बघायचे आणि नंतर टाकायचे. उलट केले तर ५० ही संख्या एकदाच आलेली असूनही ती स्वतःशीच जोडी जमवून बसते. आणि या वेगाची किंमत म्हणून कप्प्यांना जागा लागते, हेही उमेदवाराने आपणहून सांगितले तर फारच चांगले.

या सगळ्यात शेवटचा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा असतो. त्या ओळी पाठ करता येतात. पण तिथवर पोहोचण्याचा रस्ता मोठ्याने बोलून दाखवावा लागतो, आणि मुलाखत घेणारा ऐकत असतो तो हा रस्ता.

धडगाव तालुक्यातल्या एका मुलीचा सराव मी घेत होतो. हाच प्रश्न दिला. ती खाली मान घालून आठ मिनिटे गप्प बसली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. उत्तर पूर्ण बरोबर, कप्प्यांच्या रीतीने, ५० चा बारकावासुद्धा सांभाळलेला. मी विचारले, "आठ मिनिटं काय चाललं होतं डोक्यात?" ती म्हणाली, "सर, आधी सगळ्या जोड्या करून बघायच्या असं वाटलं होतं. मग खूप होतील म्हणून सोडलं. मग यादी क्रमाने लावू म्हटलं, ते पण सोडलं." मी म्हटले, "हे तू मला सांगितलं असतंस तर मला तीन उत्तरं मिळाली असती. आता एकच मिळालं." ती हसली आणि म्हणाली, "पण सर, चुकीचं कसं बोलायचं मोठ्यांपुढे?"

या एका वाक्यात आपल्या कितीतरी मुलांची अडचण आहे. घरी आणि शाळेत मोठ्यांपुढे खात्रीचे तेवढेच बोलावे हा संस्कार असतो, आणि तो वाईट नाही. शहरातल्या मुलाचा मामा, चुलतबहीण किंवा शेजारी याच धंद्यात असतो. जेवताना, गाडीतून जाताना तो अर्धवट विचार बोलून दाखवतो, लोक हसतात, सुधारतात. त्याला ऐकणारे माणूस मिळालेले असते. पाड्यावरून आलेल्या मुलीला पुस्तक मिळते, फोनवर धडे मिळतात, पण ऐकणारे कोणी नसते. प्रत्यक्ष मुलाखतीत आठ मिनिटांची शांतता झाली की घेणाऱ्याला ती अडली आहे असेच वाटते, आणि बरेचजण तेवढ्यातच प्रश्न बदलतात.

त्या मुलीबरोबर आम्ही एकच काम केले. प्रत्येक प्रश्न सोडवताना ती बोलत राहणार आणि मी मधे न टोकता ऐकणार. पहिल्या दोन आठवड्यांत वेग इतका मंदावला की ती रडकुंडीला आली, कारण बोलणे आणि विचार करणे दोन्ही एकदम होत नाही. हे सगळ्यांचेच होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमू लागते. पुढे तिच्या खोलीतल्या मैत्रिणी रात्री जेवण झाल्यावर तिचे ऐकू लागल्या. त्यातली एक नर्सिंगची होती, तिला प्रोग्राममधले काही कळत नव्हते. माझ्या मते त्याचा फायदाच झाला, कारण न समजणाऱ्याला समजावून सांगताना आपले कच्चे दुवे आपल्यालाच दिसतात.

भाषेचे काय, असे विचाराल. घरी पावरी किंवा वारली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तके, अशा तीन पायऱ्या चढून ही मुले येतात. इंग्रजी लागतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तांत्रिक मुलाखतीसाठी लागणारे इंग्रजी फार थोडे असते. 'मला प्रश्न असा समजला', 'आधी साधी रीत सांगतो', 'इथे जरा विचार करायला एक मिनिट द्या', 'हे मला माहीत नाही, पण माझा अंदाज असा' अशी तीस-चाळीस वाक्ये पक्की झाली की गाडी चालते. त्यातले शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. माहीत नसताना थापा मारणारा उमेदवार दोन उपप्रश्नांत उघडा पडतो. पुण्यातल्या मुलाखतींत मधूनच हिंदी वापरलेले सहसा कोणी मनावर घेत नाही. व्याकरण चुकले म्हणून मी आजवर कोणाला नाकारलेले नाही.

सराव प्रश्नांविषयी थोडेसे. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' हे पुस्तक या क्षेत्रात घरोघरी असते, त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. लीटकोड आणि हॅकररँक यांवर तर प्रश्नांचा समुद्र आहे. मुले पाचशे प्रश्न 'पाहिले' म्हणून सांगतात. मला विचाराल तर साठ-सत्तर प्रश्न स्वतः, कागदावर, बोलत सोडवलेले पुरतात, निदान पहिल्या नोकरीपुरते. एक साधा प्रश्न आजही विचारला जातो : १ ते १०० अंक छापा, तीनने भाग जाणाऱ्याच्या जागी एक शब्द, पाचने भाग जाणाऱ्याच्या जागी दुसरा, दोन्हींनी जाणाऱ्याच्या जागी दोन्ही. यात १५ ची तपासणी शेवटी ठेवली की प्रोग्राम तीनपाशीच समाधान मानतो आणि उत्तर चुकते. पाचशे प्रश्न पाहिलेली मुले इथे पडलेली मी पाहिली आहेत. ज्यांना पाया पक्का करायचा आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहे. त्यातले बरेच धडे मराठी आवाजातही ऐकता येतात. आयआयटींचे 'एनपीटीईएल'चे वर्गही फुकट ऐकता येतात. शिकवणीवर मोठी रक्कम घालण्याआधी हे संपवावे.

यानंतर प्रश्न येतो तो मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पावर. बाजारातून विकत घेतलेला प्रकल्प अर्ज भरताना चालून जातो, मुलाखतीत चालत नाही. आमच्या एका मुलाने वसतिगृहाच्या धान्यकोठाराची नोंदवही संगणकावर आणली : किती तांदूळ आला, किती डाळ निघाली, काय संपत आले. दिसायला अगदी साधे काम. पण त्याला विचारले, "दोघांनी एकाच वेळी पन्नास-पन्नास किलो काढल्याची नोंद केली आणि कोठारात सत्तरच असतील तर?" तेव्हा तो वीस मिनिटे बोलला, कारण हे त्याच्याकडे खरोखर घडले होते आणि गृहपालांची बोलणी त्याने खाल्ली होती.

शेवटच्या फेरीत स्वभावाचे, कुटुंबाचे, बदलीचे, रात्रपाळीचे प्रश्न असतात. 'स्वतःविषयी सांगा' याचे उत्तर दीड-दोन मिनिटांचे असावे आणि त्यात गाव सांगायला लाजू नये. 'अडचणीचा प्रसंग सांगा' म्हटले की आधी परिस्थिती, मग आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केले आणि त्यातून काय झाले, या क्रमाने सांगावे. दहा किलोमीटर चालत शाळेला गेलेल्या मुलाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण त्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. इथेही कोणीतरी आधी ऐकलेले असावे लागते.

पगाराबद्दल पालकांनी समजून घ्यावे. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास सांगितले जातात. बाराने भागले की महिन्याला २९ हजार होतात आणि घरी तोच आकडा पोहोचतो. पण त्या रकमेत कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, त्यामुळे हातात कमी येतात. त्यातून पुण्यात खोलीचे भाडे, खानावळ, बस. पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवायला जमले नाही तर मुलगा बिघडला असे समजू नये. निवडपत्र मिळाले म्हणजे लगेच कामावर रुजू, असेही नाही. २०२२ नंतर अनेक कंपन्यांनी निवडलेल्या मुलांना महिनोनमहिने थांबवले होते. त्या काळात हातातले दुसरे काम सोडू नये.

आता एक कडू विषय. नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणारे, आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे खोटे दाखले विकणारे, असे दोन प्रकारचे लोक या मुलांभोवती घिरट्या घालतात. चांगली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही, हे घरात सर्वांना पाठ असू द्या. खोटा अनुभव तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून सहज पकडला जातो, कारण कोणत्या मालकाने कधी पैसे भरले ते तिथे दिसते. रुजू झाल्यावर पकडले तरी काढून टाकतात.

कागदपत्रांत एक लहानशी गोष्ट मोठा त्रास देते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारवर दुसरे, बँकेत वडिलांचे नाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले. पाड्यावरच्या मुलांत हे फार आढळते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ऐकले तसे लिहिलेले असते. कंपनी कागदपत्रे तपासते तेव्हा यावर गाडी अडते. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून हे काम शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच उरकावे.

आपण काय करू शकतो, हे अनेकजण विचारतात. संगणकाचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. आठवड्यातून एक तास फोनवर किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत मुलाला प्रश्न वाचून दाखवायचा आणि तो बोलत असताना ऐकायचे, एवढे निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतले बंधूही करू शकतात. मधे बोलू नये. तो गप्प झाला तर फक्त विचारावे, "आता काय विचार करतोयस?" ज्यांचे घर पुणे, नाशिक किंवा नंदुरबार शहरात आहे त्यांनी मुलाखतीच्या दिवशी सकाळी एक खोली, चालणारे इंटरनेट आणि बंद दार देऊ केले तर मोठी सोय होते. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते आणि तिथे बसून कॅमेऱ्यासमोर मुलाखत देता येत नाही. आदल्या दिवशीच लॅपटॉप लावून आवाज आणि चित्र तपासावे, दुसऱ्याच्या फोनवरचे इंटरनेट तयार ठेवावे, आणि वीज गेली तर कोणाला कळवायचे तो नंबर कागदावर लिहून ठेवावा.

आणि मुलाखत संपली की लगेच "कशी झाली?" म्हणून विचारू नये. आधी जेवायला वाढावे. मग त्याच संध्याकाळी कोणकोणते प्रश्न आले ते त्याला वहीत लिहायला सांगावे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मे विसरले जातात. आमच्या वसतिगृहातली ती वही आता तिसरी चालू आहे. धडगावच्या त्या मुलीला चौथ्या मुलाखतीत नोकरी लागली. आधीच्या तिन्ही मुलाखतींतले प्रश्न तिने वहीत लिहून ठेवले आहेत, आणि यंदाची मुले सराव तिथूनच सुरू करतात.